पुलापर्यंत गेलेली गाडी

वेलिबोरने सातव्यांदा सेल्फ मारला तेव्हा बॅटरीचा आवाज बसायला लागला होता. अंगणात उणे अकरा होतं. मागे इंजिन असलेली ती हिरवी, ठेंगणी गाडी थोडी थरथरली, दोनदा कण्हली आणि पुन्हा गप्प झाली.

त्याने चोक आणखी ओढला. ॲक्सिलरेटर पायाने तीनचारदा दाबून पाहिला. तिकडे ऑस्ट्रियात, लिन्झमध्ये, त्याची चांदीच्या रंगाची मोठी गाडी नुसतं बटण दाबलं की सुरू व्हायची. तीच गाडी आत्ता फाटकाबाहेर उभी होती, आतून गरम, सीटसुद्धा गरम. तिच्यात बसून सगळे दहा मिनिटांत कबरस्तानात पोचले असते. पण दारापाशी लाकडी खुर्चीवर आई बसली होती. काळा रुमाल, काळा कोट, मांडीवर झितोचं भांडं. उकडलेल्या गव्हावर तिने पहाटेच साखर पसरून अक्रोडांचा क्रूस काढला होता.

"आई, चल ना माझ्या गाडीतून. पाद्री गाव्रिलो अकराला येणार. लोक थंडीत उभे राहतील."

"मी तिहोमिरच्या गाडीतून जाईन," स्तामेना म्हणाली. "नाहीतर जाणार नाही."

"बाबांना काय फरक पडतो आता?"

"आज चाळिसावा दिवस आहे. आजपर्यंत तो इथेच आहे, अंगणात. त्याला इथून न्यायचं तर त्याच्याच गाडीतून न्यायचं."

आमच्या खोऱ्यात या गोष्टीवर वाद घालायची पद्धत नाही. चाळीस दिवस आत्मा घराभोवती असतो, चाळिसाव्याला जातो, आणि त्या दिवशी कबरीवर विधवा नसेल तर लोक पुढची चाळीस वर्षं तेवढंच बोलतात. वेलिबोर एकवीस वर्षं परदेशात राहिला असला तरी एवढं त्यालाही ठाऊक होतं. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. दोब्रिला वहिनी आत बीन्सची परात भट्टीत सरकवत होती.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा तिला."

दोब्रिलाने खिडकी उघडली. "मी काय सांगू? कालपासून सांगतेय. माझं ऐकलं असतं तर ही गाडी वीस वर्षांपूर्वीच भंगारात गेली असती."

या एका बाबतीत दीर-भावजयीचं आज पहिल्यांदाच एकमत झालं होतं. एरवी दोब्रिला त्याच्याशी तुटक वागायची. दर नाताळला येऊन, राकिया पिऊन, आईबापांकडे कसं बघायला हवं ते सांगून तो परत जायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणून ती नवऱ्यापाशी त्याचा उद्धार करायची. पण ही गाडी अंगणातून जावी असं दोघांनाही वाटत होतं. दोब्रिलाचं कारण वेगळं होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारणीने तिला दाखवलं होतं, "ती बघ. ती गाडी त्या दिवशी चालली असती तर तुझा वुकाशिन आज कॅनडात असता, त्या यास्नाबरोबर." तेव्हापासून रोज सकाळी भांडी विसळताना तिला समोर ती गाडी दिसत होती.

"पेट्रोल जास्त झालंय, ओव्हरफ्लो झालीय बहुतेक," वेलिबोर म्हणाला. "थोडं थांबू या." थांबायचं सोडून त्याने आठव्यांदा सेल्फ मारला.

तेवढ्यात वुकाशिन बाहेर आला. काळा सूट, काळा टाय, हातात पाने-पेचकसांची पेटी. दोब्रिलाने खिडकीतून ते पाहिलं आणि तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बत्तीस वर्षांत तिच्या नवऱ्याने त्या गाडीला हात लावला नव्हता. बर्फ पडलं की अंगण साफ करायचा, तेव्हासुद्धा गाडीच्या भोवतीचं तेवढं सोडून द्यायचा. ते तिहोमिर स्वतः करायचा.

"दादा, तू?" वेलिबोर म्हणाला.

"सेल्फ मारणं बंद कर आधी. बॅटरी मेली म्हणजे मग बसू सगळे ढकलत." त्याने मागचं झाकण उघडलं, एक प्लग काढला आणि नाकाजवळ नेला. "कोरडा. ओव्हरफ्लो कसली? हिला थेंबसुद्धा मिळत नाहीये."

"माझ्याकडे स्प्रे आहे. ईथरचा. तो मारून बघू."

"मार."

वेलिबोरने आपल्या गाडीतून डबी आणली, बॅटरीला वायरी जोडल्या, कार्ब्युरेटरच्या तोंडात फवारा मारला. वुकाशिनने किल्ली फिरवली. गाडी मोठ्याने भडकली, निळा धूर सोडला, दोन सेकंद चालली आणि मेली.

"झाली!" वेलिबोर म्हणाला. "अजून एकदा मारतो."

"शंभरदा मारलास तरी दोनच सेकंद चालेल. ठिणगी आहे, दम आहे. पोटात अन्न नाही." वुकाशिन बाही वर करू लागला. "दारू पाजून उपाशी माणूस किती चालणार?"

"टाकीत पेट्रोल आहे. मी बघितलं ना. काडी अर्धी भिजली."

"मग ते इथपर्यंत येत नाही."

वुकाशिन तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप सांभाळत आला होता. गावाला पाणी चढलं नाही की रात्री-बेरात्री त्यालाच फोन यायचा. घाई करणं त्याला जमत नसे आणि आज तर त्याने मुद्दाम केली नाही. पेट्रोलच्या पंपावर त्याने गरम पाण्याचं फडकं धरलं, नळीत बर्फ झालं असेल तर सुटावं म्हणून. मग पंपाची नळी कार्ब्युरेटरपासून सोडवली, तिच्या तोंडाखाली काचेचा पेला धरला आणि पंपाची छोटी दांडी हाताने हलवत राहिला. वीसदा, तीसदा. पेला कोरडाच होता.

"पंपाचा पडदा गेला," वेलिबोर म्हणाला. "झालं. आता तो कुठे मिळणार शनिवारी? आई, ऐकतेस ना? पंप गेलाय."

"नवीन पोरं असंच करतात," वुकाशिन पेला पुसत म्हणाला. "पाणी आलं नाही की आधी पंप खोलतात. पंपाला शेवटी हात लावायचा. आधी बघायचं विहिरीत पाणी आहे का. मग बघायचं मधली झडप उघडी आहे का. दहातल्या सात वेळा कुणीतरी झडप बंद करून घरी गेलेलं असतं."

स्तामेनाच्या मांडीवरचं भांडं कलंडलं. साखर थोडी कोटावर सांडली. ती तिने एका बोटाने गोळा केली आणि परत टाकली.

तिला वाटलं होतं हे सोपं जाईल. गेले चाळीस दिवस ती मनात एकच वाक्य घोळवत होती. गाडीत बसायचं, मुलाला सांगायचं, सीटखाली हात घाल. एवढं सांगितलं की बाकीचं आपोआप बाहेर येईल असा तिचा हिशेब होता. म्हणून तर गाडीचा हट्ट धरला होता. पण सकाळी वेलिबोर स्टिअरिंगवर बसला आणि ती दारापाशी खुर्चीतच बसून राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई ती कधीच नव्हती, आणि एक्क्याऐंशी वर्षांची झाल्यावर आज तेच करत बसली होती.

कबरीवर वाइन ओतताना प्रत्येकाला एक वाक्य म्हणावं लागतं, देव त्याला क्षमा करो. पुरताना तिने ते म्हटलं होतं, पण तेव्हा ती शुद्धीत नव्हती. आज म्हणायचं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं. तिहोमिरने क्षमा मागावी असं त्याने काही केलंच नव्हतं.

वुकाशिनने पंपाची टाकीकडली नळी सोडवली, तोंडात धरली आणि फुंकली. "टाकीचं झाकण उघड. बुडबुडे ऐकू येतात का सांग."

वेलिबोर पुढे जाऊन टाकीवर वाकला. "नाही."

"परत फुंकतो."

"काही नाही, दादा."

"मग मध्येच अडलंय." वुकाशिनने कोट काढून दाराच्या कडीला लावला, एक पोतं बर्फावर अंथरलं आणि काळी पँट घालूनच गाडीखाली सरकला.

"अरे, सूट!" दोब्रिला बाहेर आली. "अर्ध्या तासात लोकांसमोर उभं राहायचंय तुला."

"सूट धुता येतो," गाडीखालून आवाज आला. मग बराच वेळ नुसतं घासल्याचं ऐकू येत होतं. "वेलिबोर, इकडे ये. ही नळी सरळ मागे जायला हवी. इथे वळून वर गेलीय. पत्र्याला भोक पाडून आत. ड्रायव्हरच्या सीटखाली."

"कारखान्यातूनच असेल तशी."

"नाही. भोक हाताने पाडलंय. बाबांचं काम आहे, कडेला रबर लावलंय बघ."

"सीटखाली एक कॉक आहे," स्तामेना म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की वेलिबोरने मान वळवली नाही. दोब्रिलाने मात्र ऐकलं.

"काय म्हणालात, आई?"

"पितळी कॉक. पेट्रोलचा. सीटची गादी उचलली की डाव्या बाजूला. ब्याण्णव साली बसवला त्याने, माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. तेव्हा युद्ध होतं, देशावर निर्बंध होते, पेट्रोल बाटलीने विकलं जायचं, लोक रात्री गाड्या पळवायचे. कॉक बंद केला की गाडी सुरू होते, कार्ब्युरेटरमध्ये असेल तेवढ्यावर थोडी चालते आणि बंद पडते. चोराला वाटतं बिघडली. टाकून पळतो."

वुकाशिन गाडीखालून बाहेर आला नव्हता. त्याचे फक्त बूट दिसत होते. ते हलायचे थांबले.

"थोडी म्हणजे किती?" त्याने विचारलं.

स्तामेनाने भांडं खाली पायरीवर ठेवलं.

"पुलापर्यंत," ती म्हणाली.

वेलिबोर त्या वेळी घरी नव्हता, सैन्यात होता, पण पुलाची गोष्ट त्यालाही पाठ होती. फेब्रुवारी त्र्याण्णव. पहाटे साडेपाचला शहरातून बुडापेस्टची बस. यास्ना बॅगा घेऊन स्टँडवर उभी, दोघांचे कॅनडाचे कागद झालेले, मुदत त्या आठवड्यात संपणारी. वुकाशिन पावणेपाचला घरून निघाला. बाबांनी आदल्या संध्याकाळी शब्द दिला होता, गाडी तयार आहे, डोळे मिटून जा. गाडी मोराविका नदीच्या पुलावर बंद पडली. बॅटरी मरेपर्यंत त्याने सेल्फ मारला, मग बर्फातून आठ किलोमीटर पळत गेला. बस गेली होती. यास्नाही गेली होती. न जाऊन ती काय करणार होती? त्याने शेवटच्या घडीला कच खाल्ली असंच तिला वाटलं असणार. त्या दिवसापासून वुकाशिन बापाशी कामापुरतं बोलत आला. हो, नाही, औषध घेतलं का. बत्तीस वर्षं.

वुकाशिन बाहेर आला. पाठीला बर्फ चिकटलं होतं, ते त्याने झटकलं नाही.

"बाबांनी बंद केला होता?"

इथे ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर आणखी थोडं ओझं, त्याने ते आयुष्यभर नेलंच होतं. स्तामेना खुर्चीचे हात धरून उठून उभी राहिली.

"मी बंद केला. त्याने रात्री उघडून ठेवला होता, तू सकाळी निघणार म्हणून. मी चारला उठले. वेलिबोरचं चार महिने पत्र नव्हतं. तो जिवंत आहे की नाही ते मला कुणी सांगत नव्हतं. आणि तू चालला होतास. मी म्हटलं, एक दिवस. फक्त आजची बस चुकू दे. मग पुढच्या आठवड्यात जाईल. कागदांची मुदत मला माहीत नव्हती. खरंच माहीत नव्हती रे."

"आणि बाबा?"

"दुपारी गाडी आणायला पुलावर गेला. सीटखाली हात घातला असेल. घरी आला, टोपी काढली, सूप मागितलं. मी वाढलं. मला वाटलं आता बोलेल. बोलला नाही. तू त्याला अंगणात नको नको ते बोललास, तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने. चोर गेले, निर्बंध गेले, पण कॉक काढला नाही. घरी आला की बंद करायचा, निघताना उघडायचा. दर वेळी माझ्यासमोर. तेवढंच."

वेलिबोर बर्फाकडे बघत होता. आपण पत्र लिहिलं नव्हतं हे त्याला आठवत होतं. लिहिता आलं असतं. छावणीत कागद होता, पेन होतं, टपाल जात होतं. एकोणीस वर्षांचा होता, आईला काय लिहायचं ते सुचत नव्हतं म्हणून राहून गेलं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि आत्ता सांगायचं धैर्यही त्याला झालं नाही. तो जाऊन आईशेजारी उभा राहिला आणि तिच्या कोपराखाली हात धरला.

"दादा, ती म्हातारी आहे. आज तरी..."

"मी काही बोललो का?"

"बोलला नाहीस म्हणूनच म्हणतोय."

दोब्रिला अजून पायरीवर होती. फडकं तिने इतकं पिळलं होतं की त्यातून पाणी ठिबकत होतं. "म्हणजे मी या घरात आले ती एका पितळी कॉकमुळे," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं या गाडीला शिव्या देत होते. हिला तर हार घालायला हवा होता."

वुकाशिनने तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिने यास्नाचा विषय पहिल्यांदा काढला होता, तोही नाव न घेता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, तिला दुखवणार नाही असं आणि खोटंही नसेल असं. ते पटकन सापडेना.

"तू येऊन बस गाडीत," तो शेवटी म्हणाला. "मागे. आईचं भांडं तू धर."

दोब्रिलाने फडकं दोरीवर टाकलं आणि भांडं उचललं. साखरेवरचा क्रूस एका बाजूने मोडला होता. तिने दोन अक्रोड बोटाने सरकवून तो नीट केला.

वुकाशिनने ड्रायव्हरची गादी उचलली. कॉक तिथेच होता, अंगठ्याएवढा, रोजच्या हाताळणीने पिवळाधमक. दांडी आडवी होती. त्याने ती उभी केली. मग मागे जाऊन नळ्या जोडल्या आणि पंपाची दांडी हाताने हलवायला लागला. बाराव्या झटक्याला हाताला भार लागला, पेट्रोल चढत होतं. आणखी वीसदा हलवून त्याने कार्ब्युरेटर भरून घेतला. स्टिअरिंगवर बसला, चोक पूर्ण ओढला, आणि वेलिबोर बाहेरून "पाय दाब, पाय दाब" म्हणत असतानाही पाय बाजूलाच ठेवला. किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. पहिली दोन मिनिटं अडखळत, मग चोक अर्धा आत ढकलल्यावर एका लयीत. स्तामेना पुढे बसली, नेहमीच्या जागी. वेलिबोरने आपली मोठी गाडी तशीच सोडली आणि गुडघे छातीशी घेऊन वहिनीशेजारी मागे घुसला. पुलावर आल्यावर वुकाशिनने गियर बदलला नाही की वेगही बदलला नाही. पूल मागे गेला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना ते पोचले. पाद्री गाव्रिलोने धूप फिरवला, प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या. मग वाइनची बाटली हातोहात फिरली. वेलिबोरने कबरीवर क्रूसासारखी वाइन ओतली, "देव त्याला क्षमा करो," म्हणाला. दोब्रिलाही म्हणाली. शेजारीपाजारी म्हणाले. बाटली स्तामेनाकडे आली. तिने वाइन ओतली आणि ओठ हलवले, पण शब्द बाहेर आले नाहीत. लोकांना वाटलं दुःखाने.

शेवटी बाटली वुकाशिनच्या हातात आली. त्याची पाठ अजून ओली होती आणि बोटांना पेट्रोलचा वास येत होता. त्याने बरीच वाइन ओतली.

"बाबा, मला क्षमा करा," तो म्हणाला.

पाद्रीने मान वर केली. चाळिसाव्याला असं कुणी म्हणत नाही. पण त्याने हरकत घेतली नाही.

परत येताना वेलिबोर आणि दोब्रिला फाटकापाशीच उतरले, पाहुण्यांसाठी टेबलं मांडायची होती. गाडी अंगणात तिच्या जागी गेली. वुकाशिनने किल्ली बंद केली नाही. खाली वाकून सीटखालचा कॉक आडवा केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. इंजिन चालू होतं. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं संपेपर्यंत ते चालणार होतं. बाबाही रोज असेच बसायचे. घरात यायला नको म्हणून बसतात, माझं तोंड बघायला नको म्हणून, असं त्याला वाटायचं.

"वुकाशिन," स्तामेना म्हणाली. "मला?"

त्याने काचेतून समोर बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि आजवर ते या घरात पुरेसं होऊन गेलं होतं.

"तुझं अजून मला माहीत नाही, आई," तो म्हणाला. "तू आत जा. थंडी आहे."

"तू?"

"मी बसतो. हे संपेपर्यंत."

स्तामेनाने दाराच्या कडीवरचा हात काढून घेतला. रुमाल सारखा केला आणि तीही समोर बघत बसली. घरातून भांड्यांचा आवाज येत होता. आणखी मिनिटभर गाडी चालली, मग तिची लय तुटली, ती दोनदा अडखळली आणि बंद पडली. दोघंही लगेच उठले नाहीत.